दिव्यांना पडलेलं खळं

बिनचष्म्याचा : शंभरातले पंच्याण्णव. हा आकडा आधी समोर ठेव, मग तुझ्या शंका काढ. चष्म्याचा नंबर घालवायच्या लॅसिक ऑपरेशनवर जगभर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला. २,१९८ लोकांना विचारलं होतं, त्यातले २,०९७ खूष. म्हणजे ९५.४ टक्के. गुडघा बदलून घेतलेल्यांना विचारून बघ, पाचातला एक तरी कुरकुरतो. आणि आकडे सोड, मलाच विचार. उजवा मायनस साडेसहा, डावा सहा. सकाळी डोळे उघडले की पहिलं काम उशाशी चाचपडायचं. शाळेत नाव ‘ढापण्या’. चहाचा कप तोंडाशी नेला की दोन्ही काचा पांढऱ्या. पावसात स्कूटर चालवताना चष्मा लावला तर थेंब दिसायचे आणि काढला तर काहीच दिसायचं नाही. मुरूडच्या समुद्रात उतरलो की किनाऱ्यावरची आपली बायको कोणती, हे साडीच्या रंगावरून ठरवायचो. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली आणि अंथरुणातून भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दिसला. अकरा वर्षं झाली, तो काटा मी विसरलेलो नाही. आता बोल.

चष्मेवाला : सेकंदकाट्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. मात्र गुडघ्याची तुलना तूच काढलीस, तर तिथूनच सुरुवात करतो. गुडघेवाला दुखतं म्हणून जातो. तू धडधाकट डोळे घेऊन गेलास, चष्मा लावला की सहा बाय सहा दिसणारे. तिथे बिघडलेलं दुरुस्त करायचं असतं. इथे चाललेलं आणखी सोयीचं करायचं असतं. म्हणून इथला उरलेला साडेचार टक्क्यांचा हिशेब मला जास्त काटेकोर हवा. दुसरं म्हणजे, त्या २,१९८ जणांना विचारलं काय होतं? निकालावर समाधानी आहात का. ‘रात्री कसं दिसतं?’ हा प्रश्नच वेगळा. त्याचं उत्तर मिळवायला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, तिथल्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेला आणि संरक्षण खात्याला बरोबर घेऊन ‘प्राउल’ नावाचे दोन अभ्यास केले. एकात नौदलाचे २६२ जण होते, दुसऱ्यात ३१२ नागरिक. निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले. ज्यांना ऑपरेशनआधी दिव्याभोवती वलय, चकाकी, दुहेरी कडा असलं काहीही दिसत नव्हतं, त्यांच्यातल्या शंभरात चाळीसहून जास्त जणांना तीन महिन्यांनी यातलं काही ना काही नव्यानं दिसू लागलं होतं. ज्यांच्या डोळ्यांना कोरडेपणा माहीत नव्हता, त्यांच्यातल्या साधारण २८ टक्क्यांना तो जाणवू लागला होता. गंमत अशी की याच अभ्यासात आपल्या नजरेवर नाखूष असलेले फक्त एक ते चार टक्के निघाले.

बिनचष्म्याचा : म्हणजे माझाच आकडा परत आला की.

चष्मेवाला : आला, पण एकटा आला नाही. त्याच अभ्यासातला एक बारकावा मला सगळ्यात बोलका वाटतो. लोकांनी आपल्या तक्रारी डॉक्टरांना तोंडी जितक्या सांगितल्या, त्याच्या दुपटीहून जास्त कागदावरच्या प्रश्नावलीत नोंदवल्या. डॉक्टर विचारतात, ‘काय, कसं वाटतंय?’ आपण म्हणतो, ‘एकदम मस्त.’ समोरच्या माणसानं आपला चष्मा घालवलेला असतो, त्याच्या तोंडावर दिव्यांची खळी कोण मोजून दाखवणार? आपल्याकडे तर डॉक्टरांपुढे तक्रार करणं हेच उद्धटपणाचं. म्हणजे डॉक्टर ‘माझे सगळे पेशंट खूष आहेत’ असं म्हणतात तेव्हा खोटं बोलत नसतात. त्यांच्यापर्यंत पोचलेलंच ते सांगतात.

बिनचष्म्याचा : प्राउल मीही वाचला आहे. त्यातली तुझ्या सोयीची पानं तू वाचून दाखवलीस, आता उरलेली मी वाचतो. ऑपरेशनआधी चष्म्यातून, कॉन्टॅक्ट लेन्समधून ज्यांना वलयं आणि चकाकी दिसत होती, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची ती गेली. सगळे धरले तर तक्रारी असलेल्यांची संख्या एकंदरीत कमी झाली. नव्या तक्रारींमुळे रोजच्या कामात मोठी अडचण येते असं म्हणणारे एक टक्क्याच्याही आत होते. आणि तू ज्या चष्म्याची बाजू घेतोस तो काय निर्दोष आहे? मायनसच्या भिंगातून जग मुळातच जरा लहान दिसतं. कडेनं बघितलं की रेषा वाकतात. ओरखडा पडलेल्या काचेतून समोरच्या ट्रकचा दिवा बघितलास कधी? कॉन्टॅक्ट लेन्स घातल्याघातल्या झोपणारी, नळाच्या पाण्यानं त्या धुणारी किती पोरं बुबुळाला संसर्ग करून घेतात, ते डोळ्यांच्या कुठल्याही दवाखान्यात विचार. तुलना करायची तर अशा खऱ्याखुऱ्या चष्म्याशी कर, मनातल्या आदर्श नजरेशी नको.

चष्मेवाला : हे मान्य. चष्म्याची बाजू घेताना माझी काच मी फार स्वच्छ धरली होती. मग आता मोजपट्टीकडे येऊ, कारण तीसुद्धा फार स्वच्छ आहे. तुझी नजर सहा बाय सहा झाली हे कसं ठरलं? तक्त्यावरून. तो तक्ता १८६२ सालचा. युट्रेख्टच्या स्नेलेन नावाच्या डॉक्टरनं केलेला. उजळ पांढऱ्या पाटीवर काळीकुट्ट अक्षरं, सहा मीटरवरून वाचायची. आपण जगतो ते मात्र करड्यावर करडं. संध्याकाळी धुरकट कपड्यांतला माणूस धुरकट रस्ता ओलांडतो, ओल्या डांबरावर खड्डा असतो, जिन्याची शेवटची पायरी आणि जमीन एकाच रंगाची असते. हा सगळा छटांमधला फरक ओळखण्याचा प्रश्न, आणि तो तक्ता विचारतच नाही.

लेझर काय करतो ते बघ. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, मध्यावर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. ५४० मायक्रॉनच्या आसपास. मायनस नंबर घालवायला तो मध्यावर सपाट करायचा. सहा मिलिमीटर रुंदीचा भाग धरला तर एका नंबरामागे साधारण बारा मायक्रॉन घासले जातात. तुझे साडेसहा म्हणजे जवळजवळ ऐंशी मायक्रॉन, केसाच्या जाडीएवढे. निसर्गानं कॉर्निया मध्यावर जास्त गोल आणि कडेला सपाट ठेवलेला असतो. ऑपरेशननंतर ते उलटं होतं. दिवसा बाहुली लहान असते, प्रकाश मधल्या घासलेल्या भागातूनच जातो आणि चित्र सुरेख उमटतं. रात्री बाहुली मोठी झाली की कडेचे किरणही आत येतात. ते मधल्या किरणांच्या जागी जमत नाहीत, थोडे पुढेमागे पडतात. म्हणून दिव्याभोवती खळं. चंद्राला पडतं तसं. फरक एवढाच की चंद्राचं खळं सगळ्या गावाला दिसतं आणि हे तुझ्या एकट्याचं. नंबर जितका मोठा आणि घासलेला भाग जितका अरुंद, तितकं ते ठळक. दुपारच्या तक्त्यावर यातलं काहीच सापडत नाही.

बिनचष्म्याचा : तू विसाव्या शतकातल्या यंत्राबद्दल बोलतोयस. या विद्येची वाटचाल बघ ना जरा. १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत मद्रासला शिकलेले रंगास्वामी श्रीनिवासन थँक्सगिव्हिंगच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं हाड घेऊन गेले आणि १९३ नॅनोमीटरच्या लेझरनं त्यावर खाचा पाडून पाहिल्या. बाजूचं काही न जळता स्वच्छ खाच पडली. दोन वर्षांत ते कॉर्नियापर्यंत पोचलं. मग क्रीटच्या पालिकारिसनी पापुद्रा उचलून त्याखाली लेझर मारायची पद्धत आणली, तीच लॅसिक. आधी पापुद्रा पात्यानं कापत, आता फेम्टोसेकंद लेझरनं. स्माइल नावाच्या पद्धतीत तर पापुद्राच नाही. आतल्या आत चकती कापतात आणि दोन-चार मिलिमीटरच्या फटीतून ओढून काढतात. त्या पद्धतीचे सुरुवातीचे निष्कर्ष आपल्या शेजारच्या वडोदऱ्याहूनही प्रसिद्ध झाले आहेत, २०११ मध्ये. घासायचा भाग रुंद झाला, कडा उतरत्या झाल्या, प्रत्येक डोळ्याचा नकाशा काढून त्याप्रमाणे घासता येऊ लागलं.

चष्मेवाला : दर पिढीत हेच ऐकलं आहे, आणि दर वेळी ते खरंही असतं. लेझरच्या आधी हिऱ्याच्या सुरीनं कॉर्नियावर चक्राच्या आऱ्यांसारखे छेद देत. सोव्हिएत रशियात फ्योदोरोव्हनी ते गाजवलं, मग अमेरिकेत लाट आली. पहिल्या वर्षाचे तक्ते बघून लोक हरखून गेले. तिथे दहा वर्षं पाठपुरावा झाला तेव्हा ४३ टक्के डोळे निदान एका नंबरानं प्लसकडे सरकलेले आढळले. १९९६ मध्ये बेक वेदर्स नावाचा डॉक्टर असेच छेद दिलेले डोळे घेऊन एव्हरेस्टवर गेला. विरळ हवेत त्याचा कॉर्निया फुगला आणि भर डोंगरावर त्याची दृष्टी जवळपास गेली. लेझरचं तसं होईल असं मी म्हणत नाही. कापायची रीतच वेगळी आहे, आणि पस्तीस वर्षांचा अनुभव गाठीशी आहे. मुद्दा एवढाच की समाधानाची नोंद बहुतेक पहिल्या काही महिन्यांत होते आणि डोळा पुढे पन्नास वर्षं वापरायचा असतो. बरं, हे सगळं सोड. तुला रात्री कसं दिसतं?

बिनचष्म्याचा : दिसतं की.

चष्मेवाला : खळं?

बिनचष्म्याचा : असतं थोडं. पहिल्या वर्षी जास्त होतं. समोरून गाडी आली की तिच्या दिव्याला किरणं फुटायची, पावसात तर फुलबाजीच. आता सवय झाली. तसंही रात्री गाडी बायको चालवते.

चष्मेवाला : कधीपासून?

बिनचष्म्याचा : ... ऑपरेशननंतरच, बहुधा. पण तिला आवडतं चालवायला. खंडाळ्याचा घाट ती माझ्यापेक्षा बरा काढते.

चष्मेवाला : आणि तुला प्रश्नावली दिली असती तर तू काय लिहिलं असतंस?

बिनचष्म्याचा : अत्यंत समाधानी. आजही तेच लिहीन. थांब, तुझ्या डोळ्यांत आरोपी सापडल्याचा जो आनंद दिसतोय तो जरा आवर. तुझं म्हणणं असं, की माझ्या घरातली स्टिअरिंगची जागा बदलली आणि मला पत्ताही लागला नाही, म्हणजे माझं समाधान खोटं. पैसे मोजले, धाडस केलं, म्हणून आता मनाची समजूत घालतोय. असं असेल तर कुठल्याही माणसाच्या कुठल्याही सुखाला तू असंच खोटं ठरवू शकशील. लग्न करून सुखी आहे म्हणणाऱ्याला सांगशील, तू तडजोड विसरलास! माझ्या चोवीस तासांत रात्रीच्या हायवेला महिन्यातनं एखादा तास जागा आहे. उरलेला सगळा वेळ मी बिनचष्म्याचा आहे. पोरगी तापानं रडत उठायची तेव्हा तिचा चेहरा मला त्याच क्षणी दिसायचा, चाचपडावं लागायचं नाही. या दोन गोष्टींचं वजन कुणी करायचं? मी, की तुझ्या छटांच्या तक्त्यानं? नजरेचा दर्जा यंत्रानं मोजता येत असेल, पण तिची किंमत मीच ठरवणार. आणि ज्या पोराची भरती चष्म्यापायी अडते त्याला जाऊन सांग, की बाबा, तुझ्या दिव्याला खळं पडेल. तो म्हणेल, पडू दे.

चष्मेवाला : हे तू फार नेमकं बोललास, आणि मला मागे सरावं लागेल. तुझं समाधान खोटं नाही. मेंदू नव्या चित्राला सरावतो हे खरं, आणि सरावल्यावर त्रास कमी वाटतो तो खरोखरच कमी झालेला असतो, मनाचे खेळ नव्हेत. पण मग दुसऱ्या टोकाच्या माणसाकडेही याच न्यायानं बघ. तक्त्यावर सहा बाय सहा. कॉर्नियाचा नकाशा देखणा. यंत्रात डोळा निरोगी. आणि तो म्हणतो, डोळ्यांत दिवसभर वाळू आहे, पंखा सहन होत नाही, स्क्रीनकडे बघवत नाही. कॉर्नियात मज्जातंतूंचं जाळं फार दाट असतं. पापुद्रा कापताना ते तुटतं. बहुतेकांचं महिन्यागणिक पुन्हा वाढतं आणि कोरडेपणा ओसरतो. क्वचित एखाद्याचं चुकीचं जुळतं आणि जखम भरल्यावरही वेदनेचा निरोप जातच राहतो. अशा माणसाला आपण काय सांगतो? ‘सगळं नॉर्मल आहे, मनातून काढून टाका.’ म्हणजे यंत्र खळं दाखवतं आणि तू खूष असतोस, तेव्हा आपण तुझं ऐकतो. यंत्र काही दाखवत नाही आणि तो दुःखी असतो, तेव्हा आपण यंत्राचं ऐकतो. माणसाची साक्ष मानायची तर दोन्हीकडे माना.

बिनचष्म्याचा : मानू. मला त्यात अडचण नाही. पण मग तुझं नेमकं भांडण कशाशी आहे?

चष्मेवाला : तुझी साक्ष दुसऱ्याचं भाकीत म्हणून वापरली जाते, त्याच्याशी. माझी मुलगी तेवीस वर्षांची आहे, नंबर मायनस साडेचार. घरात स्थळांची चर्चा सुरू झाली आणि कुणी तरी सुचवलं की त्याआधी ‘ते लेझर’ करून टाका. तिला स्वतःलाही हवं आहे, तिच्या कारणांसाठी. तिच्या फोनवर सणाच्या सवलतीची जाहिरात येते, दोन्ही डोळ्यांचं पॅकेज, पंधरा मिनिटांत चष्म्याला निरोप. त्यात पंच्याण्णव टक्के असतातच. पण तिचा निकाल पंच्याण्णव टक्के लागणार नाही. तिचे दोनच डोळे. तिची बाहुली अंधारात किती मोठी होते? दिवसभर एसीत स्क्रीनपुढे बसून तिचे डोळे आधीच कोरडे आहेत का? लहानपणापासून ती डोळे चोळते, तर कॉर्निया कुठे पातळ, टोकदार तर नाही ना? तसा असेल आणि तरी घासला तर तो पुढे फुगत जातो. मग कोलॅजेन घट्ट करायचे उपचार, कडक लेन्स, क्वचित कॉर्निया बदलणं. हे विरळ आहे, आणि आधी नीट नकाशा काढला तर पुष्कळसं टळतं. दिवाळी ऑफर देणारं केंद्र ‘ताई, तुम्हाला हे जमणार नाही, चष्माच बरा’ असं किती जणांना सांगतं, हे मला कळायला हवं. पंच्याण्णवपेक्षा माझा विश्वास त्या आकड्यावर बसेल.

बिनचष्म्याचा : हे मात्र पटलं. मला ज्यांनी तपासलं त्यांनी आधी दोघांना परत पाठवलं होतं, मी बाहेर बसून बघत होतो. म्हणूनच मला धीर आला. पण सावध करण्याच्याही तऱ्हा असतात. एफडीएनं २०२२ मध्ये पेशंटला द्यायच्या इशाऱ्यांचा मसुदा काढला तेव्हा शल्यविशारदांच्या संघटनांनी हरकत घेतली, आणि ती सगळी धंद्यापोटीच होती असं मी म्हणणार नाही. इशाऱ्यांची यादी इतकी लांबवता येते, की एकाला होणारा त्रास शंभरांच्या मनात घर करतो. प्रत्येक गोळीच्या खोक्यातली घडी उलगडून वाचली तर ताप तसाच अंगावर काढावा लागेल. भीतीही नजर गढूळ करते.

चष्मेवाला : मग तूच सांग, अकरा वर्षांपूर्वी तुला काय सांगायला हवं होतं?

बिनचष्म्याचा : चाळिशी. ती मला कुणी सांगितली नाही. सांगितली असेल तर माझ्या कानात शिरली नाही. चष्मा कायमचा गेला अशा थाटात मी फिरत होतो आणि पंचेचाळिसाव्या वर्षी औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचता येईना. तुझ्यासारखा मायनसवाला चष्मा कपाळावर सरकवतो आणि आरामात वाचतो. माझी ती सोय मी लेझरनं घालवून बसलो. आता शर्टाच्या खिशात पुन्हा चष्मा आहे, वाचायचा. त्या वयाच्या चष्म्याला मराठीत थेट वयाचंच नाव दिलेलं असताना मी गाफील राहिलो, हा माझाच दोष.

चष्मेवाला : आणि तरी अत्यंत समाधानी.

बिनचष्म्याचा : तरी. तुला हे विसंगत वाटतं, मला वाटत नाही. बाकी खळ्याचं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी माघार घेतली असती का? नसती. पण बायकोला विचारलं असतं, की यापुढे रात्री गाडी तू चालवशील का. ते विचारायचं राहून गेलं.

चष्मेवाला : आणखी एक. ऑपरेशनआधीचे तुझे आकडे, कॉर्नियाची वक्रता, जुना नंबर, हे सगळं असलेली फाइल आहे तुझ्याकडे?

बिनचष्म्याचा : ती कशाला आता?

चष्मेवाला : मोतीबिंदूसाठी. तो तुलाही होईल आणि मलाही. आत बसवायच्या भिंगाची ताकद काढताना कॉर्नियाची वक्रता मोजतात, आणि त्यामागची गणितं अंगच्या, न घासलेल्या कॉर्नियावर बेतलेली आहेत. घासलेल्या कॉर्नियाची ताकद त्यात खऱ्यापेक्षा जास्त निघते, बसवलेलं भिंग कमी पडतं आणि माणूस मोतीबिंदू काढूनही प्लस नंबर घेऊन घरी येतो. आता नवी सूत्रं आहेत, चूक बरीच कमी होते, पण जुने आकडे हाताशी असले तर डॉक्टरांचं काम सोपं होतं. निदान लेझर झालं होतं एवढं तरी आठवणीनं सांगावं लागतं. वीस-पंचवीस वर्षांनी लोक विसरतात, आणि कॉर्नियाकडे नुसतं बघून ते सहज कळत नाही.

बिनचष्म्याचा : आमचं केंद्र मधे कुठे तरी हललं म्हणे. माळ्यावरच्या पेटीत बघतो. तुझ्या मुलीचं काय ठरलं?

चष्मेवाला : अजून काही नाही. सोमवारी तपासणी आहे. कॉन्टॅक्ट लेन्सच्या दाबानं कॉर्नियाचा नकाशा चुकीचा येतो, म्हणून गेले दोन आठवडे ती चष्माच लावते आहे.